कर नर्तकीचा, नफा मालकाचा

अमेरिकेतील रात्रीच्या क्लबांत वस्त्रे उतरवीत नृत्य करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया कागदोपत्री कोणाच्याही नोकर नाहीत. त्या 'स्वतंत्र कंत्राटदार' आहेत, असे क्लबच्या करारात लिहिलेले असते. भांडवलशाहीने श्रमिकांना बहाल केलेल्या पदव्यांत याहून फसवी पदवी क्वचितच सापडेल; आणि ही फसवणूक सर्वांत स्पष्ट दिसते ती प्राप्तिकराच्या विवरणपत्रात.

हिशेब साधा आहे. तेथे नोकराच्या वेतनातून सामाजिक सुरक्षा आणि वृद्धांचा वैद्यकीय विमा यांसाठी ७.६५ टक्के कापले जातात व तेवढीच भर मालकाला घालावी लागते. नर्तकीला 'स्वयंरोजगारी' म्हटले की मालकाचा वाटाही तिच्याच माथी येतो. हा कर १५.३ टक्के, प्राप्तिकर त्याहून वेगळा. वर्षाची निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की हा कर लागू होतो. वर्षातून चार वेळा अंदाजाने आगाऊ कर भरायचा, बक्षिशीच्या नोटांची रोज नोंद ठेवायची, पावत्या सांभाळायच्या, हे सारे तिनेच करायचे. मालक मात्र किमान वेतन, जादा कामाचा मोबदला आणि बेकारी विमा या साऱ्यांतून मोकळा! शिवाय अनेक क्लबांत मंचावर पाऊल ठेवण्यासाठी तीच मालकाला प्रत्येक पाळीचे भाडे देते. काम मिळावे म्हणून मजुराने धन्याला पैसे मोजावेत, ही रीत सरंजामदारालाही लाजवील.

करसल्लागार तिला वजावटी शिकवतात : मंचावरील पोशाख, रंगभूषा, क्लबचे भाडे. सल्ला चुकीचा नाही, पण तो मूळ प्रश्नाला हात घालीत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या करन्यायालयाने एका नर्तकीचा वक्षवृद्धीच्या शस्त्रक्रियेवरील खर्च धंद्याचा खर्च मानला आणि यंत्रावर धरावा तसा त्यावर घसारा धरू दिला. हा निकाल चेष्टेचा विषय झाला. वस्तुतः तो अंतर्मुख करणारा आहे. या 'व्यावसायिक' स्त्रीजवळ उत्पादनाचे साधन म्हणून स्वतःच्या शरीराखेरीज काय आहे? जागा मालकाची, मद्यविक्री मालकाची, नृत्याचे दर मालकाने ठरवलेले आणि उशिरा आल्यास दंडही मालकाचाच. तिच्या वाट्याला स्वातंत्र्य येते ते एवढेच की झीज तिने सोसावी.

काही नर्तकींनाच ही व्यवस्था हवी आहे, असा युक्तिवाद केला जातो. रोख पैसा हाती येतो, रात्री निवडता येतात, हे खरे आहे. पण जी कमाई सरकारदरबारी नोंदली जात नाही, ती म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनातही मोजली जात नाही. चाळिशीत गुडघे थकले की त्या रोखीचा पुरावा कोठे दाखवायचा? कर भरणे हे श्रमिकाच्या अस्तित्वाची नोंद करणे आहे. प्रश्न आहे तो मालकाच्या वाट्याचा कर त्याने का भरू नये, हा.

न्यायालयांनीही या नावाचा बुरखा वेळोवेळी फाडला आहे. १९९३ मध्ये टेक्ससमधील आणि २०१३ मध्ये न्यू यॉर्कमधील खटल्यांत संघीय न्यायालयांनी नर्तकींना नोकर ठरवले. कराराने दिलेले नाव निर्णायक नाही. कामावर ताबा कोणाचा, हे पाहावे लागते. परंतु निकालांपेक्षा मोलाची आहे ती संघटना. सॅन फ्रान्सिस्कोतील 'लस्टी लेडी' या नृत्यगृहातील स्त्रियांनी १९९७ मध्ये युनियनचा करार मिळवला. २००३ मध्ये ते नृत्यगृहच कामगारांची सहकारी संस्था झाले आणि २०१३ पर्यंत चालले. २०२३ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका क्लबच्या नर्तकींनी पंधरा महिन्यांच्या लढ्यानंतर रंगभूमी कलावंतांच्या युनियनच्या बाजूने एकमुखी कौल दिला.

महाराष्ट्राने याकडे परक्यांची गोष्ट म्हणून पाहू नये. २००५ मध्ये राज्याने डान्सबार बंद केले. तीन व अधिक तारांच्या हॉटेलांना मात्र सूट दिली. ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०१६ च्या कायद्यावरील २०१९ च्या निकालात लेखी करार आणि बँकेत मोबदला जमा करण्याची अट टिकली. मासिक वेतनाची सक्ती मात्र नर्तकीच्या स्वातंत्र्याचे कारण देऊन काढून टाकण्यात आली. येथेही तेच गोड नाव, आणि बक्षिशीत मालकाचा वाटा हा येथीलही जुनाच रिवाज!

या स्त्रियांच्या नीतीची चिकित्सा करण्यात डाव्या चळवळीतीलही अनेकांनी बराच वेळ घालवला आहे. नीतीचा प्रश्न मालकाला विचारावा : घाम कोणाचा, नफा कोणाचा आणि कर कोणाचा? ज्याच्या हाती कामाचा ताबा आहे त्याने धन्याची सारी देणी द्यावीत, ही मागणी गिरणीच्या फाटकावर जितकी रास्त होती, तितकीच ती क्लबच्या दारातही रास्त आहे.