एका वेळी एकच मॉन्स्टर

मॉन्स्टर गोळा करायचा खेळ म्हटले की मुलांच्या तोंडी नाव येते ते ‘पोकेमॉन’चे. रानात हिंडा, दिसेल तो पकडा, लढवा, पुढे चला. ‘मॉन्स्टर रँचर’ हा टेक्मो या जपानी कंपनीचा खेळही त्याच सुमारास, १९९७ मध्ये, प्लेस्टेशनवर आला. पण त्याची तऱ्हाच निराळी. घरातली कुठलीही गाण्यांची सीडी यंत्रात घालायची, की त्या सीडीतून एक मॉन्स्टर जन्माला येई! पहिल्या दोन भागांची नवी ‘डीएक्स’ आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये निन्टेन्डो स्विच, संगणक आणि आयफोनसाठी निघाली. तिच्यात सीडी घालायची गरज नाही, यादीत तिचे नाव शोधायचे. सोय झाली खरी, पण कपाट उपसण्यातली गंमत गेली.

आता तो घ्यावा का? एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. येथे एका वेळी एकच मॉन्स्टर सांभाळायचा असतो. दर आठवड्याला त्याच्याकडून कोणता सराव करून घ्यायचा, विश्रांती कधी द्यायची, स्पर्धेत केव्हा उतरवायचे, हे आपण ठरवायचे. खाणेपिणे आपण पाहायचे. चुकला तर रागवायचे, जिंकला तर कौतुक करायचे. नुसते लाड केले तर तो शेफारतो आणि ऐन लढतीत ऐकत नाही. फार राबवले तर थकवा व ताण वाढून त्याचे आयुष्यच कमी होते. (काही आईवडिलांनीही हा खेळ खेळून पाहावा, असे वाटते.)

शेकडो प्राण्यांचा संग्रह पुरा करण्यात ज्यांना आनंद आहे, त्यांना हे संथ वाटेल. फिरायला मोठे जग नाही. बराच वेळ तीच तीच कामे आणि वाढणारे आकडे. सूचना वाचाव्या लागतात, म्हणून इंग्रजी नीट न वाचणाऱ्या मुलाची पंचाईत होते. उलट वेळापत्रक आखायची, हिशेब मांडायची ज्याला हौस आहे, तो यात रमून जाईल.

खरी अडचण दुसरीच. येथला मॉन्स्टर म्हातारा होतो आणि मरतो. कितीही जपा, काही वर्षांनी (खेळातल्या) तो जातोच. घरातला कुत्रा किंवा मांजर नुकतेच गेले असेल, तर लहान मुलाच्या हाती हा खेळ आत्ताच देऊ नये. एरवी आठनऊ वर्षांच्या मुलाला आधी सांगून ठेवावे, म्हणजे धक्का बसत नाही.

यावर एक तोड आहे. मॉन्स्टरला वेळीच गोठवून ठेवता येते आणि गोठवलेल्या दोघांपासून नवे पिल्लू मिळते, त्यात दोघांचे गुण थोडेफार उतरतात. मात्र ते दोघे मग परत येत नाहीत. गोठवायचे की अखेरपर्यंत सांभाळायचे, हे मूल ठरवत असेल तेव्हा घाई करू नका, शेजारी बसा.