महागाथेचे खंड आणि दुकानदाराचं कुलूप

फॅन्टसी वाचणारे दोघे भेटले की बोलणं हमखास दोन गोष्टींवर येतं. पुढचा खंड कधी येणार ही पहिली, आणि तो कागदावर घ्यायचा की किंडलवर ही दुसरी. यातला दुसरा प्रश्न किरकोळ सोयीचा मानला जातो. ई-पुस्तक हलकं, बहुधा स्वस्त आणि रात्री बारा वाजताही मिळणारं. वाचायला मिळतंय ना, मग मालकी कुणाची याचा खल कशाला, असा या बाजूचा युक्तिवाद असतो. त्याला तीन पुरवण्याही जोडल्या जातात. पुस्तक एकदा वाचून संपतं, ई-पुस्तकाच्या फाइलवरचं डिजिटल कुलूप काढलं तर चोरी वाढून लेखक बुडेल, आणि मालकीच हवी असेल तर छापील प्रत घ्यावी. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. एखाद्या सुट्या कादंबरीपुरता तो बराचसा खराही आहे. पण दहा-चौदा खंडांच्या मालिकेला तो लावून पाहिला की एकेक सांधा निखळतो. माझं म्हणणं असं की जी कथा सांगून व्हायलाच वीस वर्षं लागतात, तिचा प्रत्येक खंड वाचकाच्या पूर्ण मालकीचा असला पाहिजे, मग तो कागदाचा असो की फाइलचा. अशा मालिकेची कुलूपबंद ई-पुस्तकं पूर्ण किमतीला विकणं म्हणजे पैसे पुरते घेऊन माल अर्धा देणं आहे.

आधी काळाचा हिशेब पाहू, कारण सगळा वाद त्याच्यावर उभा आहे. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९० साली आला. सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन गेले तेव्हा कथा अपुरी होती. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि चौदावा जानेवारी २०१३ मध्ये निघाला. एकूण तेवीस वर्षं आणि चाळीस लाखांहून अधिक शब्द. पहिला किंडल बाजारात आला नोव्हेंबर २००७ मध्ये, जॉर्डन गेल्यावर दोन महिन्यांनी. म्हणजे ज्या यंत्रावर आज अनेक जण ही गाथा वाचतात, त्या यंत्राहून गाथा सतरा वर्षांनी थोरली आहे. स्टीव्हन एरिक्सन यांची दहा खंडांची मलाझन मालिका १९९९ पासून २०११ पर्यंत चालली, आणि ती तर भरभर लिहिलेली मालिका म्हणून ओळखली जाते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहत आहेत. आता याच्या शेजारी दुकानाचं आयुष्य ठेवा. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि त्याच वर्षीच्या जुलैत ग्राहकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, ही गोष्ट कंपनीच्या बाजूने नोंदवायलाच हवी. पण पैसे परत मिळणं आणि पुस्तक जवळ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौदापैकी नवव्या खंडावर असलेल्या वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

‘पुस्तक एकदा वाचून संपतं’ हा आक्षेप मालिकेच्या बाबतीत सर्वात कच्चा आहे. ‘व्हील ऑफ टाइम’चा पाचवा खंड १९९३ चा. त्याच्या शेवटाकडे ॲस्मोडिअन नावाचं एक खलपात्र एक दार उघडतं, पलीकडच्या व्यक्तीला ओळखतं आणि मरतं. मारणारा कोण, हे लेखक सांगत नाही. उत्तर मागच्या पानांतून शोधता येईल असं जॉर्डन यांचं म्हणणं होतं, आणि वाचक कामाला लागले. त्या प्रसंगाच्या आधी कोण कुठे होतं, कोणाचा हेतू काय होता, कोणत्या वाक्यात लेखकाने मुद्दाम एखादं नाव टाळलं आहे, याचा कीस पाडला गेला. प्रत्येक नव्या खंडासोबत जुने खंड पुन्हा उघडले गेले. उत्तर पक्कं झालं ते २०१० च्या तेराव्या खंडात, आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं गेलं ते कथेत नव्हे, मागे जोडलेल्या शब्दसूचीतल्या एका नोंदीत. एका प्रश्नासाठी सतरा वर्षं! हे वाचकांचं वेड म्हणून सोडून देता येणार नाही, कारण ही मालिका लिहिलीच अशी गेली आहे. लेखक पहिल्या खंडात पेरतो आणि दहाव्यात कापतो. त्यामुळे इथे पुन्हा वाचणं हेच खरं वाचणं असतं, आणि मधल्या काळात खंड हाताशी नसतील तर नवा खंडही अर्धाच कळतो. या कामाला ई-पुस्तकासारखं दुसरं साधन नाही. पात्राच्या नावावर बोट दाबून धरावं, शोध द्यावा, आणि ते नाव त्या खंडात जिथे-जिथे आलं आहे त्या ओळी एकाखाली एक मांडून मिळतात. छापील प्रतीत हेच करायचं तर वही-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. ई-पुस्तकाचा कैवार मी घेतो तो यासाठी. भांडण त्याच्या कुलपाशी आहे.

ते कुलूप, म्हणजे ज्याला डीआरएम म्हणतात ते, नेमकं काय करतं? फाइल ठरावीक खात्याशी आणि ठरावीक ॲपशी बांधून टाकतं. बटणावर ‘खरेदी करा’ लिहिलेलं असतं, करारात मात्र तो वापराचा परवाना असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायद्यानेच विक्रेत्याला सांगावं लागतं की ग्राहक वस्तू नव्हे, परवाना घेतो आहे. कायदा करून हे वदवून घ्यावं लागलं, यातच आधी काय चाललं होतं ते आलं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने किंडल पुस्तकांची फाइल संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोय बंद केली. परवान्याचा अर्थ व्यवहारात काय होतो हे जुलै २००९ मध्येच दिसलं होतं. ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ या ऑर्वेलच्या पुस्तकांच्या काही प्रती विकण्याचा हक्क संबंधित विक्रेत्याकडे नव्हता. हे लक्षात आल्यावर ॲमेझॉनने त्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. जेफ बेझोस यांनी पुढे जाहीर माफी मागितली. माफी स्वीकारायला हरकत नाही, पण हात घरात पोचतो हे तर सिद्ध झालंच. २०२३ साली रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांची भाषा प्रकाशकाने बदलली तेव्हा, आधी विकत घेतलेल्या ई-प्रतींतही नवा मजकूर आपोआप उतरल्याच्या तक्रारी ब्रिटनमध्ये झाल्या. जिथे एका टाळलेल्या नावावर सतरा वर्षांचं कोडं उभं राहतं, तिथे आपल्याजवळची प्रत आपल्याला न विचारता बदलू शकते हा विचारच मालिकेच्या वाचकाला अस्वस्थ करणारा आहे. उरला प्रश्न पुस्तक पुढे देण्याचा. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट खटल्यात निकाल दिला की हक्कधारकाच्या परवानगीवाचून जुनी ई-पुस्तकं पुन्हा विकता येत नाहीत. पण अशा मालिका पसरतात त्या हातातून हातात. थोरल्या भावाने पहिला खंड धाकट्याच्या हाती ठेवावा आणि उरलेल्या तेरांचं गिऱ्हाईक प्रकाशकाला आयतं मिळावं, ही साखळी कुलपाने तुटते. यात प्रकाशकाचंही नुकसानच आहे.

इथे चोरीचा आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. लेखकाचं पोट त्याच्या पुस्तकांवर असतं, आणि मालिका मध्येच थांबू नये असं वाटणाऱ्या वाचकाने तर चोरीच्या प्रतीकडे ढुंकूनही पाहू नये. पण कुलूप आणि चोरी यांचं नातं गृहीत धरण्याचं कारण नाही, कारण प्रयोग होऊन गेला आहे आणि तो याच प्रांतात झाला आहे. अमेरिकेतल्या बेन बुक्सने १९९९ पासून विज्ञानकथा आणि फॅन्टसीची ई-पुस्तकं कुलपाविना विकली. २०१२ साली टॉर या प्रकाशनाने, म्हणजे ‘व्हील ऑफ टाइम’ छापणाऱ्याच संस्थेने, आपल्या ई-पुस्तकांवरचं डीआरएम काढून टाकलं. वर्षभरानंतर तिच्या ब्रिटिश शाखेने जाहीर केलं की एकाही पुस्तकाच्या चोरीत जाणवण्याजोगी वाढ झालेली नाही. टॉरने निर्णय फिरवला नाही. सँडरसन यांचे ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेचे जाडजूड खंड त्यानंतरही टॉरनेच काढले आणि ते उत्तम खपले. या वाचकवर्गाची पैसे मोजण्याची तयारी किती असते तेही पाहा. मार्च २०२२ मध्ये सँडरसन यांनी चार कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टरवर आगाऊ नोंदणी मागितली, तेव्हा १,८५,००० हून अधिक लोकांनी मिळून ४ कोटी १० लाख डॉलरांहून जास्त रक्कम भरली. त्या कादंबऱ्या कशाबद्दल आहेत हेसुद्धा तेव्हा पुरतं सांगितलेलं नव्हतं. अशा वाचकाला चोर समजून दाराला कुलूप लावायचं, आणि ज्याला खरंच चोरायचं आहे त्याला ते कधीच अडवत नाही, ही परिस्थिती कोणत्याही व्यापाऱ्याने पुन्हा तपासून पाहावी अशी आहे.

राहिली छापील प्रतीची सूचना. कागदावर माझंही प्रेम आहे, आणि एका बाबतीत तो आजही वरचढ आहे. या कादंबऱ्यांचे दोन पानभर पसरलेले नकाशे किंडलच्या पडद्यावर ओळखू न येण्याइतके बारीक होतात. पण ‘छापील घ्या’ हे उत्तर देणाऱ्याने फडताळाकडे बघावं. मार्टिन यांचे पाच खंड ब्रिटिश पेपरबॅकमध्ये, म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या आवृत्तीत, सात होतात, कारण त्यातले दोन एका बांधणीत मावतच नाहीत. चौदा खंडांचं ओझं पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या खोलीत, दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवताना वाहायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. शिवाय १९९० साली विशीत असलेला वाचक शेवटच्या खंडापर्यंत चाळिशीच्या चष्म्याला पोचला. बारीक टायपाचे जुने पेपरबॅक त्याला आता वाचवत नाहीत आणि अक्षर मोठं करण्याची सोय ही त्याची गरज आहे. त्याला कागद किंवा परवाना यातलं एक निवडायला सांगणं म्हणजे डोळे किंवा मालकी यातलं एक निवडायला सांगणं आहे.

वाचकांकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. चौदाव्या खंडाचं ई-पुस्तक छापील आवृत्तीनंतर तीन महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये काढायचं ठरलं. जॉर्डन यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडुगल यांची तशी इच्छा होती. त्यावर चिडून अनेकांनी न वाचलेल्या पुस्तकाला ॲमेझॉनवर एकेक तारा दिला. हा अन्याय होता. दुसऱ्याची गाथा निष्ठेने पूर्ण करणाऱ्या लेखकाला त्याची शिक्षा व्हायला नको होती. पण रागाची वाट चुकली म्हणून रागाचं कारण खोटं ठरत नाही. तेवीस वर्षं सोबत चाललेल्या वाचकाला, तू फाइल घेतोस म्हणून तू मागच्या रांगेत, असं सांगितलं गेलं होतं. ई-पुस्तकाचा वाचक दुय्यम ही समजूत त्या विलंबामागे होती आणि तीच कुलपामागेही आहे.

मराठी वाचकाचा यात संबंध दुहेरी आहे. एकतर या इंग्रजी मालिका इथली तरुण मुलं मोठ्या संख्येने वाचतात आणि त्यांपैकी कित्येकांची पहिली विकतची ई-पुस्तकं हीच असतात. दुसरं म्हणजे आपल्याकडची मराठी ई-पुस्तकंही बऱ्याचदा त्या-त्या दुकानाच्या ॲपमध्येच उघडतात, फाइल हाती येत नाही. एका घराने घेतलेली कादंबरी तीन पिढ्यांनी आणि निम्म्या वाड्याने वाचायची, ही आपली रीत आहे. मराठीत ई-पुस्तकाचा बाजार अजून लहान आहे, सवयी घट्ट व्हायच्या आहेत, तोवर मराठी प्रकाशकांना टॉरचा रस्ता धरणं सोपं जाईल. उद्या कुणी मराठीत दहा खंडांची अद्भुत कथा लिहायला घेतली, तर तिचा पहिला खंड दहाव्याच्या प्रकाशनादिवशीही वाचकाला उघडता आला पाहिजे.

म्हणून मालिकेचा पहिला खंड ई-रूपात घेण्याआधी ऑनलाइन दुकानातल्या त्या पुस्तकाच्या पानावर खाली, तपशिलात जा. टॉरच्या पुस्तकांबाबत तिथे प्रकाशकाच्या विनंतीवरून डीआरएम लावलेलं नाही अशा अर्थाची ओळ आढळते. कोबो या ई-पुस्तकांच्या दुकानात फाइलच्या प्रकारासमोरच ते लिहिलेलं असतं. ती ओळ असेल, तर फाइल उतरवून देणाऱ्या दुकानातून घ्या आणि प्रत आपल्याकडे जपून ठेवा. ओळ नसेल, तर प्रकाशकाला चार ओळींचं पत्र पाठवा आणि त्यात लिहा की तुम्ही पुढचे तेरा खंडही घेणार आहात.