प्रेमकथेचे गोत्र

मराठी प्रणयकादंबरीसंबंधी समीक्षेत एक सोयीचा समझोता फार दिवसांपासून नांदत आला आहे. ना. सी. फडके यांच्या चाहत्यांनी म्हणायचे की ही कला आहे, तिला समाजाचे ओझे नको. विरोधकांनी म्हणायचे की हे स्वप्नरंजन आहे, त्यात समाज नाहीच. एक पक्ष गौरव करतो, दुसरा धिक्कार. पण या कादंबरीचा समाजाशी संबंध नाही हे गृहीत दोघांचे एकच. 'मुक्तामाले'पासून (१८६१) फडके-खांडेकरांपर्यंत रंजनाची परंपरा आखून देणाऱ्या भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीनेही, कितीही कठोर असली तरी, शेवटी या वाङ्मयाची सुटकाच केली. ज्याला 'रंजन' म्हटले त्याची पुढे उलटतपासणी कोण करणार?

वस्तुतः प्रणयकादंबरी समाजापासून पळालेली नाही. कोणाचे कोणाशी जमावे, हा समाजातील सर्वांत खाजगी आणि सर्वांत राजकीय व्यवहार तिने आपला विषय केला. प्रश्न इतकाच, की त्या व्यवहारातील कोणता अडसर तिने दाखवला आणि कोणता झाकला.

दाखवलेला अडसर पैशाचा. १९२९ च्या 'दौलत'चे शीर्षकच संपत्तीचे नाव घेते. खांडेकरांच्या 'दोन ध्रुवां'तील (१९३४) अंतरही श्रीमंती-गरिबीचे. नायक गरीब, पण शिकलेला, नायिका सधन, पण सहृदय, वडील हट्टी, मध्ये एखादा गैरसमज. वाचकाला वाटते की वर्गाची भिंत प्रेमाने ओलांडली. परंतु अपवाद वगळता या नायक-नायिकांची आडनावे शेजारी ठेवून पाहावीत. भिंत ओलांडणारे दोघेही एकाच अंगणातले निघतात. पैशाचे अंतर जेवढे ठळक रंगवावे, तेवढे जातीचे सारखेपण नजरेआड होते. प्रणयकादंबरीतील 'वर्ग' हा जातीवरचा पडदा आहे.

ही चूक अनवधानाची म्हणावी, तर काळ साक्ष देत नाही. आंतरजातीय हिंदू विवाहांना मान्यता देण्याचे विधेयक विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्येच मांडले होते. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू नाही असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने ती अट शिथिल केली, पण असे लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून कायद्याने विभक्त ठरू लागला. आर्यसमाजी विवाहांसाठीचा १९३७ चा कायदा सोडला, तर मुंबई इलाख्यात धार्मिक विधीने लावलेला प्रतिलोम विवाह १९४९ पर्यंत अवैधच होता. म्हणजे प्रेमापायी घरादारावर पाणी सोडण्याची वेळ आणणारा प्रसंग कायद्यानेच कादंबरीकाराच्या हाती तयार ठेवला होता. योगायोगासाठी वणवण करणाऱ्या तंत्रनिष्ठ लेखकांना एवढा नाट्यपूर्ण पेच दिसू नये, याला दृष्टिदोष म्हणता येत नाही.

आणि ज्याला दिसला तो काही दूरदेशी राहत नव्हता. परळच्या बी. आय. टी. चाळीत सुमारे दोन दशके काढून डॉ. आंबेडकर दादरच्या हिंदू कॉलनीत आले. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले, पण करू न दिले गेलेले त्यांचे भाषण १९३६ मध्ये पुस्तकरूपाने आले. जातिभेदावरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. त्याच दशकात प्रणयकादंबरी लोकप्रियतेच्या शिखरावर होती. विवाहविषयक सर्वांत क्रांतिकारक चर्चा आणि विवाहविषयक सर्वांत लोकप्रिय वाङ्मय एकाच काळात वाढले आणि त्यांची गाठ पडली नाही. 'प्रतिभासाधना'तील (१९३१) तंत्रविचार शिकवणाऱ्यांनी या न पडलेल्या गाठीचा विचार केव्हा केला?

प्रेमाला जागा लागते, हेही समीक्षेने कधी मनावर घेतले नाही. हरिभाऊ आपटे यांना ते कळले होते. 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये, म्हणजे १८९० पासून 'करमणुकी'त आलेल्या कथेत, यमू आणि तिचा नवरा एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटतात ते लग्नानंतर, सासरच्या माणसांपासून दूर, मुंबईच्या बिऱ्हाडात. मराठी कादंबरीतील हे पहिले विश्वसनीय प्रियाराधन विवाहोत्तर आहे. आणि नवरा मरताच तिच्या केशवपनाने समाज त्याची किंमत वसूल करतो. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या; गिरगावच्या चाळीतला पांढरपेशा तिथे स्वतंत्र ब्लॉकमध्ये गेला. फडक्यांच्या नायक-नायिकांना लागणारा दिवाणखाना असा मिळाला. तो सर्वांना मिळाला नव्हता.

लालबाग-परळच्या गाळ्यात कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. बायको गावी, पगार मुंबईत, जेवण खानावळवालीकडे. त्या खानावळवाल्या बायांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून उभी केली. इथे विवाहाचा अर्थच विरह होता, आणि तो विरह मजुरीच्या दराने ठरत होता. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड याच विरहावर उभी आहे. बाबूराव बागूल यांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या शीर्षकातच सांगितले की माणसाला साधी ओळखही चोरून करावी लागते. मग प्रीतीची काय कथा! पण या कृती अभ्यासक्रमात 'कामगार साहित्य', 'लोकवाङ्मय', 'दलित साहित्य' अशा कप्प्यांत जातात. 'प्रेमकथा' हा कप्पा पांढरपेशांसाठी राखीव. गिरणगावातला माणूस लढतो, भोगतो, संप करतो. तो प्रेम करतो हे मात्र वाङ्मयप्रकारांच्या व्यवस्थेला मान्य नाही.

यावर आक्षेप येईल की हे समाजशास्त्र झाले, समीक्षा नव्हे. तर मग रूपाविषयीच बोलावे. प्रणयकादंबरीतील योगायोग हा तिचा सर्वांत उपहासलेला घटक. हा योगायोग अनुरूप स्थळे अचूक शोधतो, विजोड जोडी कधी जमवत नाही, आणि शेवटी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद मिळवून देतो. पूर्वी हे काम मध्यस्थ करीत असे. निरगाठ आणि उकल यांच्या ज्या तंत्राला सौंदर्यतत्त्व म्हणून गौरवले गेले, ते पत्रिका जमवण्याचेच वाङ्मयीन रूप आहे. निवड स्वतःची केल्याचे समाधान आणि परिणाम वडिलांना हवा तोच, असा दुहेरी लाभ नवशिक्षित वर्गाला या रूपाने मिळवून दिला. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'त (१९३३) गिरणीकडे वळून पाहिले, तरी प्रणयकादंबरीचा साचा त्याने हलला नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. विवाहविषयक जाहिरातींतले जातीचे रकाने मात्र थांबलेले नाहीत. पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेत 'फडक्यांच्या कादंबरीतील तंत्राचा परिचय करून द्या' असा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न यायला हवा: या कादंबऱ्यांत कोणाला प्रेमात पडण्याची मुभा नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकांत तयार असते. दुसऱ्याचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला स्वतःच्या घरातली लग्ने आठवतील, आणि बहुधा म्हणूनच तो विचारला जात नाही.