लज्जा, पडदा आणि दुपारची रिकामी खोली

आघातानंतर मनाला भीती जितकी छळते, तितकीच लज्जाही छळते. २०१३ सालच्या डीएसएम-५ या अमेरिकन वर्गीकरणात आघातोत्तर तणाव-विकाराच्या लक्षणांमध्ये भीती, संताप व अपराधभावना यांच्या जोडीने लज्जेचाही स्पष्ट उल्लेख आला. ‘माझ्या हातून वाईट घडले’ ही अपराधभावना. ‘मीच वाईट आहे’ ही लज्जा. पहिली बोलून दाखवता येते, दुसरी तोंडच उघडू देत नाही.

आपल्या इंदूरमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी चढताना कोणी पाहिले तर, या धास्तीनेच रुग्ण घरी बसतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण येथे उपचाराच्या आड येते. म्हणूनच मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सेवा सुरू झाली, याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु पायरी टळली तरी घराच्या भिंती उरतातच. दवाखान्याचे दार आपण लावून घेतो. रुग्णाच्या घरचे दार आपल्या हाती नसते. शेजारच्या खोलीत सासूबाई असतात. कधी ज्याने आघात केला तोच घरात वावरत असतो. अशा वेळी ‘मोकळेपणाने सांगा’ हा आग्रह निर्दयपणाचा ठरतो. ‘आत्ता बोलणे सुरक्षित आहे ना?’ हा प्रश्न प्रथम यावा. स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहिला की लज्जा वाढू शकते. तो झाकण्याची, हवे तर कॅमेरा बंद करण्याची मुभा असावी. उपचारकाने टिपणासाठी मान खाली घातली, तरी लाजलेल्या मनाला तो तिरस्कार भासतो. घटनेचा तपशील थांबू शकतो. ‘हे सांगताना लाज वाटणे स्वाभाविक आहे’ एवढे वाक्य मात्र थांबू नये.

येथे आपल्या फॅमिली डॉक्टरांना मोठे कार्य करता येईल. रक्तदाब तपासायला आपल्याकडे येताना कोणी लाजत नाही. दुपारी आपले दवाखाने बहुधा बंदच असतात. त्या वेळी एक खोली, एक खुर्ची आणि आतून लागणारी कडी आपण अशा रुग्णाला दिली, तर दूरच्या तज्ज्ञाशी तो निर्धास्तपणे बोलू शकेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाच आहे. त्या हक्काला चार भिंती देणे आपल्या हाती आहे. आपल्या सभासदांनी याचा अवश्य विचार करावा.