घरची बाग : गुलाब नाकाने निवडावा, दाराशी लावावा

गुलाबाचे फूल हाती आले की मनुष्य आधी ते नाकाशी नेतो. रंग मागाहून पाहतो. लहान मूल असो वा ऐंशीच्या घरातील आजोबा, ही रीत कोणी कोणास शिकवीत नाही. अलीकडे मात्र तिच्या पदरी बहुधा निराशाच येते. विवाहसमारंभात स्वागतासाठी हाती दिलेला लांब दांड्याचा, टपोरा, निर्दोष गुलाब हुंगून पाहावा, तर हिरव्या देठाचा किंचित वास येतो आणि त्यापलीकडे काहीच नाही. मग घराघरांतून एक वाक्य ऐकू येते, “हल्लीच्या गुलाबांना वासच राहिला नाही.” हे विधान अर्धेच खरे आहे. सुगंधी गुलाब आजही मिळतो आणि आपल्या हवेत उत्तम वाढतो. तो बाजारातील फुलांच्या गुच्छात सापडत नाही, इतकेच.

त्याचे कारण व्यापार करणाऱ्या घरांस चटकन उमगेल. मावळात तळेगाव दाभाड्याच्या परिसरातील हरितगृहांतून फेब्रुवारीच्या सुमारास गुलाब परदेशी रवाना होतात. त्या मालाची दांडी लांब व सरळ हवी, कळी घट्ट हवी, शीतपेटीतील प्रवास सोसून फुलदाणीत अनेक दिवस टिकण्याची ताकद हवी. ही पारख डोळ्यांनी आणि मोजपट्टीने होते. त्या सौद्यात सुगंधास भाव नाही. आणि ज्या गुणास भाव मिळत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत मागे पडत जातो. यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. त्याचा गुलाब प्रवासासाठी आहे, आपला घरासाठी. आपल्या अंगणातील फूल दोन दिवसांत गळून पडले तरी कोणाची मागणी बुडत नाही. म्हणून घरच्या गुलाबाचा हिशेब बाजाराच्या उलट बांधावा.

आणखीही एक विचार आहे. आपल्यापैकी कित्येक घरांत फूल झाडावरून तोडू नये, असा परिपाठ आहे. अशा घरी फूल माणसापर्यंत येणार नाही. माणसाच्या वाटेवर झाड असेल तरच सुगंध त्यास भेटेल. तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात : गुलाब कोणता आणि तो लावावा कोठे. दोहोंचे उत्तर एका वाक्यात सांगता येते. सुगंध येतो जातीतून आणि घरात पोहोचतो जागेमुळे.

जातीची निवड

पुष्कळांची समजूत असते की खत बदलले, विशिष्ट औषध घातले की बिनवासाच्या गुलाबास वास येऊ लागेल. तसे होत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ‘पापा मेयाँ’ हा अत्यंत सुवासिक आणि ‘रूज मेयाँ’ हा जवळजवळ निर्गंध, असे दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले. गुलाबाच्या परिचित गंधातील जिरॅनिऑल हे द्रव्य घडविण्यास पाकळीतील एक विकर साहाय्य करते आणि निर्गंध गुलाबात त्या विकराचे काम अगदी मंदावलेले असते, असे त्यांना आढळले. तात्पर्य असे की सुगंध हा झाडाच्या जन्माबरोबर येणारा गुण आहे. रोप विकत घेतानाच त्याचा निकाल लागलेला असतो. पुढची मशागत त्यास साथ देते, नव्याने निर्माण करीत नाही.

महाराष्ट्राच्या हवेत प्रथम विचार करावा तो ‘एडवर्ड’ गुलाबाचा. रोपवाटिकांत त्यास गावठी गुलाब, देशी गुलाब किंवा गुलकंदाचा गुलाब असेही म्हणतात. फूल मध्यम आकाराचे, गुलाबी, थोडे विस्कटलेले; प्रदर्शनात त्यास पारितोषिक मिळणार नाही. परंतु गंध जुन्या गुलाबपाण्याची आठवण देणारा, झुडूप काटक आणि बहर वर्षातून अनेकदा. दुसरा ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’. हंगेरीच्या गेश्विंड यांनी निर्माण केलेला हा गुलाब १८९७ साली बाजारात आला आणि आपल्या देशात चांगला रुळला. फुले लाल, झुपक्यांनी येणारी, गंधास मसाल्याची छटा.

मोठे, डौलदार फूल हवे असेल तर ‘हायब्रिड टी’ वर्गात शोधावे. जर्मनीच्या कोर्डेस यांचा १९३५ सालचा ‘क्रिमझन ग्लोरी’ गर्द लाल व मखमली असून त्याचा वास दाट असतो. त्याचे फूल मान खाली घालते, हा दोष मानला जातो. १९६३ सालचा ‘पापा मेयाँ’ काळपट लाल व तितकाच सुवासिक आहे. मात्र बुरशीजन्य रोगांस तो लवकर बळी पडतो, म्हणून भरपूर पावसाच्या गावी त्यावर भिस्त ठेवू नये. १९७७ सालचा ‘डबल डिलाइट’ मलईच्या रंगाचा, कडेने लाल होत जाणारा. त्याचा गंध गोडसर व तिखट असा मिश्र असतो आणि मुलांना तो विशेष आवडतो.

मारवाडातून पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांत पुष्करच्या किंवा हळदीघाटीच्या चैती गुलाबाची ओढ असते. अत्तराचा खरा धनी तोच, ‘दमास्क’ कुळातील. परंतु त्यास हिवाळ्याची चांगली थंडी लागते आणि मैदानी प्रदेशात त्याचा बहर वर्षातून एकदाच, वसंतात येतो. दख्खनच्या मवाळ हिवाळ्यात तो पाने देईल, फुले हातचे राखून देईल. ज्यांना त्या गंधाची आस आहे, त्यांनी येथे एडवर्ड लावावा. त्याचे मूळ दमास्क कुळाशी जोडलेले आहे.

रोप घेताना चिठ्ठीवरील नावापेक्षा नाकावर विश्वास ठेवावा. चिठ्ठ्या बदलतात, नावे बिघडतात. नमुना पाहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही, तोच नियम येथेही पाळावा. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी आठ-नऊच्या सुमारास रोपवाटिकेत जावे. मिटलेली कळी वास देत नाही आणि पूर्ण उमललेल्या जुन्या फुलाचा वास उडून गेलेला असतो. अर्धे उमललेले फूल हुंगावे. दुपारी परीक्षा घेऊ नये. अत्तरासाठीची फुलेसुद्धा पहाटेपासून सकाळच्या पहिल्या उन्हापर्यंतच वेचतात, कारण ऊन चढते तसे पाकळीतील तेल कमी होते. शक्य असल्यास घरातील दोघा-तिघांनी मिळून जावे. एकाच फुलाचा वास एकास मधुर, तर दुसऱ्यास उग्र वाटतो. आणि झाड सर्वांच्या घरी येणार आहे.

जागेची निवड

एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे तीन ते चार हजार किलो फुले लागतात. यावरून एका फुलात सुगंधाचा अंश किती अल्प असतो, हे ध्यानी येईल. हा अल्प अंश अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या कडेस उधळला तर तो वाऱ्याचा होतो, घराचा होत नाही. शोभेचा गुलाब रस्त्यावरून दिसेल असा लावावा. सुगंधी गुलाब हाताच्या अंतरावर लावावा.

त्यासाठी आधी घरातील माणसांची सकाळ पाहावी. आजी ज्या ओट्यावर बसून माळ जपते तो ओटा, दुकानास निघताना चपला घालण्याची पायरी, स्वयंपाकघराची पूर्वेकडील खिडकी, झोपाळा, यांपैकी जेथे कोणी ना कोणी रोज सकाळी घडीभर थांबते, तेथे गुलाबाची जागा. मात्र तेथे ऊन येते किंवा नाही हे आधी पाहावे. गुलाबास दिवसाकाठी पाच-सहा तास थेट ऊन हवे आणि ते सकाळचे असेल तर उत्तम. पूर्व मोकळी आणि पश्चिमेस भिंत, ही जागा सर्वांत चांगली. सकाळच्या कोवळ्या उन्हाने पाकळी उबदार होते, गंध मोकळा होतो. मागील भिंत वारा अडविते आणि दुपारचा दाहही सौम्य करते. रात्रीचे दव लवकर सुकते, त्यामुळे पानांवरील रोगही कमी होतो.

काही जागा टाळाव्यात. आंबा, अशोक अशा मोठ्या झाडांची मुळे गुलाबाचे अन्न पळवितात. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पेटीतून येणारा तप्त झोत पाने करपवितो. मोगरा, रातराणी किंवा सोनचाफा अगदी शेजारी असेल तर गुलाबाचा हलका गंध त्यांच्याखाली दबून जातो. पायवाटेपासून दीड-दोन फूट अंतर ठेवावे. नाहीतर रोज साडीचा पदर काट्यांत अडकेल आणि एके दिवशी घरातीलच कोणी ते झाड काढावयास सांगेल.

उंचीचाही विचार करावा. बसलेल्या वृद्ध माणसास जमिनीवरील झुडपाकडे वाकता येत नाही. कुंडी दोन फूट उंच कट्ट्यावर ठेवली तर फूल आपोआप चेहऱ्यासमोर येते. ‘क्रिमझन ग्लोरी’चा मान खाली घालण्याचा दोष अशा ठिकाणी गुण ठरतो, फूल बसलेल्या माणसाकडे वळून पाहते. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांना ऋतू पालटल्याची खूण या एका झाडावरून मिळू शकते.

खाली दुकान आणि वर घर, अशा पेठेतील वास्तूंत अंगणात ऊन उतरत नाही. तेथे गच्ची हीच बाग. जिन्याच्या दाराजवळ, जेथे वाळवण घालण्यास किंवा सकाळी फिरण्यास कोणी येते, तेथे बारा ते चौदा इंची कुंडी ठेवावी. वैशाखात कुंडीची बाजू तापून मुळे भाजतात. दुकानातील जुने गोणपाट कुंडीभोवती गुंडाळून सकाळ-संध्याकाळ भिजवावे आणि पश्चिमेकडून हिरवी जाळी लावावी. सदनिकेची बाल्कनी पूर्वेस वा दक्षिणेस असेल तर गुलाब होईल. केवळ उत्तरेचा उजेड असेल तर गुलाबाचा हट्ट धरू नये; पाने येत राहतील, फुलांची वाट पाहण्यात वर्षे जातील.

लागवड व निगा

जमिनीत लावताना दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. काळी चिकण माती असेल तर पोयटा, थोडी वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी साचता कामा नये. डोळा भरलेल्या रोपाचा जोड मातीच्या किंचित वर राहू द्यावा. जोडाखालून येणारे रानटी फुटवे वेळीच काढावेत, अन्यथा खुंटच वाढतो आणि निवडून आणलेला सुगंध निमूटपणे नाहीसा होतो. दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवावे. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर सायंकाळी शिंपडू नये.

मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी. त्यानंतर साधारण पंचेचाळीस दिवसांनी फुले येतात आणि थंडीचा उत्तम बहर हाती लागतो. एडवर्डची छाटणी हलकी असावी. मावा किंवा लाल कोळी दिसल्यास विषारी फवारा हाती घेऊ नये. जे फूल नातवंडांच्या नाकाशी जाणार, त्यावर विष नको, एवढे कारण पुरेसे आहे. सकाळी पानांच्या खालच्या बाजूस स्वच्छ पाण्याची जोरदार धार मारली की बहुतेक कीड जीव न घेताच दूर होते. काळे ठिपके पडलेली पाने वेचून झाडापासून लांब टाकावीत.

फूल न तोडणाऱ्या घरांसाठी एक सोय निसर्गानेच ठेवली आहे. पूर्ण उमललेल्या एडवर्डच्या फुलाखाली सकाळी तळहात धरला की पाकळ्या आपण होऊन ओंजळीत उतरतात. त्या सावलीत वाळवाव्यात, मलमलीच्या पिशवीत भराव्यात आणि शालू-पैठण्यांच्या कपाटात ठेवाव्यात. बहर संपल्यावरही त्यांचा मंद गंध काही महिने टिकतो.

या हिवाळ्यात रोप आणण्यापूर्वी एक आठवडा फक्त पाहण्यात घालवावा : सकाळी सात ते दहा या वेळात ऊन घरात कोठून येते आणि माणसे कोठे थांबतात. ही दोन ठिकाणे जेथे एकत्र येतील, तेथे खडूने खूण करावी. खड्डा त्या खुणेवर घ्यावा आणि मगच रोपवाटिकेची वाट धरावी.