लाल रेषेआधीची आकडेमोड

पूररेषेवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ती रेषा दगडावर कोरलेली वाटते. एकाला ती नदीकडे सरकवून हवी असते, दुसऱ्याला काठाकडे. ती काढली कशी, हे दोघेही क्वचितच विचारतात.

२५ वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदाचा पोचेल ती लाल. यातले ‘एकदा’ फसवे आहे. दर वर्षी अनुक्रमे चार टक्के आणि एक टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. निळ्या रेषेला लागून घर घेतलेत, तर २० वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत पाणी निदान एकदा दारात येण्याची शक्यता ५६ टक्के होते. लाल रेषेवरही ती १८ टक्के उरते. बँका हा हिशेब मांडून दाखवत नाहीत.

रेषा काढताना नदीचे ठरावीक अंतरावर काटछेद घेतात आणि फ्रान्सच्या सेंट-व्हेनाँने १८७१ मध्ये मांडलेली समीकरणे, बहुधा त्यांचे सोपे रूप, संगणकावर सोडवतात. एका तुकड्यात आलेल्या पाण्यातले जे पुढे गेले नाही, त्याने पातळी वाढणार. उतार पाण्याला ओढणार, तळ आणि काठ अडवणार. गणित इथवर चोख आहे. मेख आहे ती या अडवण्यात. ते मोजायला आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याच्या नावाचे सूत्र वापरतात (त्याला स्वतःला ते फारसे पसंत नव्हते!) आणि त्यात ‘एन’ हा खरबरीतपणाचा आकडा घालावा लागतो. स्वच्छ, सरळ पात्राला ०.०३ च्या आसपास. झाडोरा माजलेल्या काठाला ०.०७ किंवा त्याहूनही जास्त. तो नदीत उपकरण बुडवून थेट वाचता येत नाही. अभियंता पात्र पाहतो, तक्ता पाहतो आणि ठरवतो.

रुंद नदीत ‘एन’ ०.०३ ऐवजी ०.०४५ धरला, तर तेवढ्याच विसर्गाला सहा मीटरचे पाणी साडेसात मीटरच्या वर जाते. सपाट काठावर या दीड मीटरात अख्खी सोसायटी बसते. काटछेद जुने असतील आणि नंतर तिथे राडारोड्याचे भराव पडले असतील, तर मॉडेल आता नसलेल्या नदीचाच पूर दाखवते.

म्हणून मॉडेल मोडीत काढावे असे मी म्हणत नाही. त्याला पर्याय आहे तो डोळ्यांचा अंदाज, आणि तो याहून वाईट. पण मॉडेल खऱ्या पुरावर घासून पाहायला हवे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग होता आणि पुण्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. भिंतींवरच्या ओल्या खुणांची उंची घ्यायची, धरणाखालच्या ओढ्यांचे पाणी जमेस धरायचे आणि मॉडेल त्याच खुणांपर्यंत येते का ते बघायचे. येत नसेल तर ‘एन’ तपासायचा, काटछेद नव्याने घ्यायचे. असा प्रयोग मुद्दाम करता येत नाही. नदीने तो करून दिला, त्याची किंमत रहिवाशांनी मोजली.

ही पडताळणी झाली की नाही, हे नागरिकाला नकाशावरच कळले पाहिजे. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा आणि प्रमाण छापतातच. त्याखाली धरलेला विसर्ग, काटछेदांचे वर्ष, ‘एन’ आणि कोणत्या पुराशी ताडून पाहिले ते लिहायला चार ओळी पुरतील.