मुलांची भाषणे पुष्कळ झाली, आता त्यांची गोष्ट ऐका

एप्रिल आला की मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या वस्त्यांमध्ये मंडप उभे राहतात, निळ्या पताका लागतात आणि सात-आठ वर्षांचे एखादे लेकरू माईकसमोर उभे केले जाते. 'आदरणीय विचारपीठ' इथपासून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' इथपर्यंत ते न अडखळता म्हणते. टाळ्या पडतात. वही-पेनचे बक्षीस मिळते. आमचा या भाषणांना विरोध नाही. ज्या समाजाची जीभ शेकडो वर्षे बांधून ठेवली गेली, त्या समाजाचे लेकरू हजार माणसांपुढे न घाबरता उभे राहते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ते भाषण लिहिलेले असते वडिलांनी, मामाने किंवा शिकवणीच्या ताईने. त्यात त्या मुलाचे स्वत:चे असे काय असते? शाळेत काल काय झाले, आजीने रात्री काय सांगितले, नळावर कोण कोणाला काय बोलले, यातला एक शब्द तरी त्यात असतो काय? मुलांना बोलायला शिकवणारी चळवळ मुलांचे ऐकायला कधी शिकणार, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न किरकोळ समजू नये. आपल्या लिहित्या इतिहासाच्या आरंभी एक मुलगीच उभी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजात जन्मलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा महार-मांगांच्या दु:खाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. आम्हाला ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या पोरीने भल्याभल्या पंडितांना केला. पेशवाईतील जुलूम तिने सांगितला. बाळंतपणात घरावर छप्परही नसणाऱ्या बायांचे हाल सांगितले. हे तिला कोणी पाठ करून दिले नव्हते. तिने ते आपल्या घरादारात, वाडीवस्तीत ऐकले होते. फुल्यांच्या शाळेने तिला अक्षर दिले. गोष्ट तिचीच होती. घरातल्या कहाणीला अक्षर मिळाले, तेव्हा तो निबंध जन्मला.

दुसरे उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठवणी त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिल्या आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यातली पहिलीच आठवण १९०१ ची. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. कोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे जायचे होते. अंगावर नवे कपडे होते, मनात प्रवासाचा आनंद होता. स्टेशनमास्तरने कोण म्हणून विचारताच पोराने खरे ते सांगून टाकले आणि त्याचा चेहराच बदलला. गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची या बोलीवर गाडी मिळाली. डबा भरलेला होता, पण घोटभर पाणी मिळाले नाही. जगातील नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या या विद्वानाने अस्पृश्यता म्हणजे काय, हे परक्यांना समजावताना आकडे आणि ग्रंथ बाजूला ठेवून एका लहान मुलाची गोष्ट सांगितली. नवे कपडे, भरलेला डबा आणि तहान, हे लहानपणी मनात रुतलेले तपशील त्यांनी जसेच्या तसे ठेवले. म्हणूनच ती गोष्ट अजून जाळते.

आता मुलुंडकडे पाहू. लोकशाहीर विलास घोगरे मुलुंडच्याच झोपडपट्टीत राहत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जनतेवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मारली गेली. तो आघात सहन न होऊन १५ जुलैला या शाहिराने आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षे चित्रीकरण करून 'जयभीम कॉम्रेड' हा माहितीपट केला, म्हणून ही कहाणी जगभर गेली. पण मुलुंडच्या पोरांपर्यंत ती किती पोहोचली? आज शाळेत जाणारे एकही मूल तेव्हा जन्मलेले नव्हते. त्याला ही हकिकत कळायची तर आजी-आजोबांच्या तोंडूनच कळणार. आणि ती ऐकल्यावर मूल विचारणार, शाहिराने गाणे का थांबवले? जिवंत राहून तो लढला असता तर? हा प्रश्न अडचणीचा वाटून त्याला गप्प करू नये. विचारू द्यावे, आणि मग त्याच्या शब्दांत ती हकिकत धाकट्या भावंडाला सांगू द्यावी. ऐकणाऱ्याने पुढे सांगितली नाही, तर गोष्ट एका पिढीत मरते.

शिक्षणाच्या बाजूनेही हेच खरे आहे. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांना परक्या पुस्तकातून वाचन शिकवण्याऐवजी त्यांच्याच तोंडचे शब्द लिहून दिले, त्यांच्याच गोष्टींची वाचनपुस्तके केली. १९६३ साली 'टीचर' या ग्रंथात तिने हा अनुभव मांडला. आपल्या पोराची बोली शाळेत 'अशुद्ध' ठरते आणि ते पहिल्या महिन्यातच मुके होते. त्याचे बोलणे आधी कागदावर उतरले, तर कागद त्याला परका वाटत नाही.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारे मूल साक्ष देण्यास पात्र आहे, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्येही ते कायम आहे. पॉक्सो कायदा, २०१२ सांगतो की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, विश्वासातल्या माणसासमक्ष, मूल बोलेल तसाच नोंदवावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ ने मुलाला भयमुक्त करून मोकळेपणाने मत मांडू देणे हे शाळेचे काम ठरवले आहे. न्यायालय जे शब्द जसेच्या तसे लिहून घेते, ते आपण घरात 'गप बस, तुला काय कळतं' म्हणून उडवून लावतो, ही विसंगती आहे.

यासाठी अनुदान नको, इमारत नको. बुद्ध विहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर काढावा. मोठ्याने एक गोष्ट सांगावी, मग मुलांनी सांगावी. भगवान बुद्धांनी राहुलाला खोटे बोलण्याचा दोष समजावला, तो भांड्याच्या तळाशी उरलेले पाणी दाखवून. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी विचारले आणि राहुलाने उत्तर दिले. ही रीत आपण घ्यावी. मूल बोलताना मध्येच भाषा सुधारू नये, तात्पर्य चिकटवू नये, पहिला-दुसरा नंबर काढू नये. कॉलेजातल्या मुला-मुलींनी ते बोलणे वहीत जसेच्या तसे उतरवावे आणि त्याला वाचून दाखवावे. मोबाईलवर चित्रण करून गावभर पाठवू नये. मुलाची गोष्ट मुलाच्या मालकीची असते.

आणि एक सावधगिरी. मूल मोकळे झाले की कधी शाळेतला अपमान बाहेर येईल, कधी मारहाण, कधी त्याहून भयंकर काही. तेव्हा खोदून खोदून विचारू नये, उत्तर त्याच्या तोंडात घालू नये आणि प्रकरण दाबूही नये. शाळेतील मारहाण व मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे पॉक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'वस्तीची बदनामी होईल' ही सबब कायद्यापुढे चालत नाही आणि धम्मापुढे तर नाहीच.

मुक्ताचे ऐकणारे कोणी नसते तर तो निबंध आज आपल्या हाती नसता. मुलुंडच्या कोणत्या चाळीत, कोणत्या गल्लीत आज तशी एखादी मुक्ता गप्प बसली आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. तिला माईक देण्याआधी तिच्यासमोर मांडी घालून बसा आणि विचारा, 'सांग बाय, काय झालं?'